आरेची तोंडं राखा : मुंबईच्या पोलीस आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
बृहन्मुंबई.

विषय : आरे कॉलनीतील वाहनचोरी आणि तिला आळा घालण्यासाठी काही मागण्या

महोदय,



गाडी चोरीला जाणं ही मुंबईत आता बातमी राहिलेली नाही. छापून आलीच तर आतल्या पानावर चार ओळींत येते. ज्याची गाडी गेली त्याला लोक म्हणतात, ‘विमा आहे ना, मग कशाला काळजी करतोस?’ मी आरे कॉलनीत राहतो. इथे ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांतल्या बहुतेकांचं पोट तिच्यावर चालतं. तबेल्यातून दूध पोचवणारा टेम्पो, फिल्मसिटीत शूटिंगला माणसं ने-आण करणारी टुरिस्ट गाडी, पाड्यावरच्या पोराने कर्ज काढून घेतलेली रिक्षा, पहाटे भाजी आणायला जाणारी जुनी ओम्नी. अशी गाडी गेली की त्याच सकाळपासून रोजगार बंद होतो, पण कर्जाचा हप्ता सुरूच राहतो.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. आरेतली गाडी वाचवायची तर मालकाच्या कुलपाच्या जोडीला दोन गोष्टी लागतील. आरेत शिरायच्या आणि आरेतून निघायच्या मोजक्या वाटांवर चोवीस तास नजर हवी, आणि चोरी कळल्यानंतरचा पहिला तास वाया जाता कामा नये. दोन्ही गोष्टी आपल्या खात्याच्या हातातल्या आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला.

आरेची रचना आपल्याला ठाऊक आहेच, पण वाहनचोराच्या नजरेने ती एकदा पाहावी अशी विनंती आहे. १९४९ साली दुग्ध वसाहत म्हणून वसवलेली ही सुमारे ३,१६६ एकरांची जागा. मूळ जमीन दुग्धविकास विभागाची. त्यातला आठशेहून अधिक एकरांचा पट्टा पुढे राखीव वन म्हणून वनविभागाकडे गेला. मुख्य रस्ता, म्हणजे दिनकरराव देसाई मार्ग, महापालिका सांभाळते. चित्रनगरीचा, म्हणजे फिल्मसिटीचा, कारभार वेगळा, मेट्रोच्या कारशेडचा वेगळा, रॉयल पाम्ससारख्या खासगी वसाहतीचा वेगळा. सत्तावीस आदिवासी पाडे, तबेल्यांची युनिटं आणि झोपडवस्त्या यांच्यामधून आतले रस्ते जातात. दिव्याचा एखादा खांब बंद पडला तर तो नेमका कोणाचा, हे शोधण्यातच महिना जातो. चोराला हे कोणी शिकवावं लागत नाही. जिथे चार खाती आहेत तिथे रखवाली कोणाचीच नसते, हे त्याला पक्कं माहीत असतं.

मात्र याच रचनेत एक मोठी सोय आहे. एवढ्या विस्तीर्ण जागेतून चारचाकी बाहेर काढायला वाटा फार थोड्या आहेत. पश्चिमेला द्रुतगती महामार्गावरचा आरे चेक नाका, पूर्वेला पवईकडे उतरणारा रस्ता, दक्षिणेला मरोळ-मरोशी आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याची बाजू, उत्तरेला फिल्मसिटी रोड. बाकी सगळीकडे टेकड्या, रान आणि राष्ट्रीय उद्यान. मालाड किंवा कुर्ल्याच्या एखाद्या मोहल्ल्यात गाडी गेली तर ती कुठल्या गल्लीतून निघाली हे शोधायला शंभर कॅमेरे पाहावे लागतील. आरेतून गेली तर ती या मोजक्या तोंडांपैकी एकातूनच गेली असणार.

म्हणून पहिली मागणी ही, की या प्रत्येक तोंडावर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसवावेत, जिथे आधीपासून आहेत तिथे ते रात्रीही नंबर वाचू शकतात का हे तपासावं, आणि चोरीच्या गाड्यांची यादी त्यांना थेट जोडावी. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने शहरभर कॅमेऱ्यांचं जाळं उभारायला सांगितलं. २०१६ मध्ये दीड हजारांहून अधिक ठिकाणी सुमारे ४,७०० कॅमेरे सुरू झाले आणि पुढे ते वाढले. ते जाळं मुख्यतः चौक, सिग्नल आणि महत्त्वाच्या इमारतींभोवती विणलेलं आहे. आरेसारख्या जागी कॅमेऱ्याचं ठिकाण गर्दीवरून ठरवून चालणार नाही, ते वाटेवरून ठरवायला हवं. ही निकड वाढतच जाणार आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे फिल्मसिटीच्या बाजूने राष्ट्रीय उद्यानाखालून जात आहेत. ते सुरू झाले की चोरलेली गाडी काही मिनिटांत पूर्व उपनगरात आणि तिथून नाशिकच्या रस्त्याला लागू शकेल. बोगद्याच्या आराखड्यातच कॅमेऱ्यांची ही साखळी बसवून घ्यावी.

कोणी म्हणेल, कॅमेरे कशाला, आरेभर लख्ख दिवे लावा. आम्हा रहिवाशांना ते नको आहे, आणि त्यामागे भावनेपेक्षा अनुभव जास्त आहे. आरेत बिबट्याचा वावर आहे, त्याची पिल्लं इथल्या रानात वाढतात. पाड्यांच्या वाटा, शाळेचे रस्ते, बसथांबे, सार्वजनिक शौचालयं इथे दिवे हवेतच. बिबट्याच्या हल्ल्यांत इथल्या माणसांनी जीव गमावले आहेत, आणि तिथला अंधार आम्हालाही नको आहे. पण रानातून जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर झगझगीत दिवे लावले तर जनावर बिथरून वस्तीकडे सरकेल. वन्यजीव अभ्यासक याच रानात बिबट्यांची मोजणी करतात ती रानात लावलेल्या कॅमेऱ्यांनी. काळोख्या रात्री झुडपातून गेलेला बिबट्या त्याच्या ठिपक्यांवरून ओळखता येतो. मग चेक नाक्यावरून गेलेली गाडी तिच्या नंबरवरून ओळखता येऊ नये, असं काही कारण नाही. रानाला अंधार आणि वाटांना डोळे मिळाले तर आरे माणूस आणि बिबट्या दोघांसाठी सुरक्षित राहील.

दुसरी मागणी पहिल्या तासाची. रात्री रहदारी नसताना आरे चेक नाक्यावरून दहिसर नाका अर्ध्या तासाच्या आत गाठता येतो. मुलुंड किंवा ऐरोलीलाही फारसा जास्त वेळ लागत नाही. पूर्वी या नाक्यांवर फास्टॅगमधून पैसे कापले गेले की मालकाच्या मोबाइलवर संदेश यायचा आणि गाडी कोणत्या दिशेला गेली ते कळायचं. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी आहे. लोकांची सोय झाली हे चांगलंच, पण चोरीचा हा पहिला सुगावा आता तिथे मिळत नाही. पुढचा टोल लागतो तो अहमदाबादच्या बाजूला खानिवड्याला, नाशिकच्या बाजूला पडघ्याला, पुण्याच्या बाजूला खालापूरला. तोवर चोराने फास्टॅग खरवडून टाकलेला असतो किंवा नंबरप्लेट बदललेली असते.

या पहिल्या तासात मालकाच्या वाट्याला काय येतं? आधी त्याला वाटतं, टोइंगने उचलली असेल. मग तो वाहतूक चौकीवर चौकशी करतो. तिथून पोलीस ठाण्यात जातो. तिथे बरेचदा उत्तर मिळतं की आजूबाजूला नीट शोधा, एखाद्या मित्राने नेली असेल, दोन दिवस वाट पाहा. हद्दीच्या कडेला गाडी गेली असेल तर आणखी एक फेरा पडतो. आरेच्या भोवती वनराई, दिंडोशी, पवई, एमआयडीसी अशी ठाणी आहेत. गाडी रस्त्याच्या या कडेला उभी होती की त्या कडेला, यावर घासाघीस करण्यात जेवढा वेळ जाईल तेवढी गाडी लांब जाते.

कायदा इथे स्पष्टपणे मालकाच्या बाजूला आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच बजावलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हद्द कोणतीही असली तरी तक्रार घेण्याची वाट मोकळी केली. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवता येते आणि तीन दिवसांत सही केली की ती नोंदली जाते. प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं हेही आता कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ ने प्रवासी किंवा मालवाहतुकीच्या वाहनाची चोरी वेगळी काढून तिला सात वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली आहे. म्हणजे संसदेला ही किरकोळ चोरी वाटत नाही. आपण एक परिपत्रक काढून सांगावं की वाहनचोरीची माहिती मिळताच नियंत्रण कक्षाने नंबर तत्काळ सगळ्या नाक्यांना आणि शेजारच्या आयुक्तालयांना कळवावा, आणि कागदपत्रं त्यानंतर पुरी करावीत. खबर खोटी निघाली तर खबर देणाऱ्यावर कारवाई करा, पण खरी खबर देणाऱ्या माणसाला दोन दिवस थांबवू नका.

हा आग्रह धरण्याला आणखी एक कारण आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले, ५६ माणसं गेली. जखमींना जिथे नेलं जात होतं त्या रुग्णालयांच्या आवारात स्फोटकांनी भरलेल्या गाड्या फुटल्या, आणखी दोन गाड्या सूरतमध्ये सापडल्या. त्या गाड्या नवी मुंबईतून चोरलेल्या होत्या. त्या गेल्या तेव्हा कोणाच्या तरी दारातून गेलेल्या साध्या गाड्या होत्या. चोरीला गेलेली गाडी सापडत नाही, याचा अर्थ तिचा पुढचा उपयोग कोणाला ठाऊक नाही, एवढाच. याहून मोठं कारण पोलीस खात्याला द्यायची गरज नसावी.

आता चोरीची पद्धत. काच फोडून तारा जोडून गाडी सुरू करायचे दिवस जुन्या गाड्यांपुरते उरले. नव्या गाडीत चावीतली चिप ओळख पटवते, ती पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. म्हणून चोर आता स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटला यंत्र लावून नवी चावी नोंदवून घेतो, किंवा गाडीचं इलेक्ट्रॉनिक युनिटच बदलतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत घरातल्या चावीचे संकेत उपकरणाने पकडून गाडीपर्यंत पोचवले जातात, आणि गाडीला वाटतं मालक जवळच आहे. ही यंत्रं चोरापर्यंत कशी येतात, त्यांची विक्री कोण करतं, याचा तपास आपल्या गुन्हे शाखेने हाती घ्यावा. एकेक चोर पकडून हे थांबणार नाही.

आणि जिथे पूर्ण गाडी जात नाही तिथे तिचा एखादा भाग जातो. आमच्या शेजारच्या काकांची इको गाडी आहे, शाळेची मुलं सोडतात. एका पहाटे त्यांनी चावी फिरवली आणि इंजिनाने ट्रॅक्टरसारखी डरकाळी फोडली. खाली वाकून पाहिलं तर सायलेन्सरच्या जागी मोकळी तार लोंबत होती, बोल्ट कापलेले, जमिनीवर लोखंडाचा चुरा. त्या नळीतल्या धूर गाळणाऱ्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात.  पुणे, नाशिक, ठाणे अशा भागांत गेल्या काही वर्षांत या चोरीच्या टोळ्या पकडल्या गेल्या आहेत. काकांनी तक्रार केली नाही. सायलेन्सरसाठी कुठे ठाण्याची पायरी चढायची, असं म्हणून त्यांनी उसने पैसे घेऊन नवा बसवला. मुलांची शाळा दोन दिवस बुडाली ती वेगळीच. अशा न नोंदवलेल्या चोऱ्या आपल्या आकड्यांत दिसत नाहीत. आरे ठाण्याने महिन्यातून एकदा पाड्यांवर आणि युनिटांवर येऊन जागेवरच तक्रारी घ्याव्यात, म्हणजे खरं चित्र कळेल. हा माल शेवटी कोणीतरी विकत घेतोच, तेव्हा भंगाराच्या गोदामांतली खरेदीची वही तपासणं हेही त्याच कामात येतं.

तिसरी मागणी बेवारस गाड्यांची. आतल्या रस्त्यांच्या कडेला, झाडांखाली, टायर बसलेल्या, काचा धुळीने माखलेल्या गाड्या उभ्या दिसतात. पालिका नोटीस चिकटवते, मुदत संपली की उचलते. माझी विनंती अशी, की उचलण्याआधी प्रत्येक गाडीचा चासी नंबर आणि इंजिन नंबर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ यादीशी ताडून पाहावा. नंबरप्लेट खोटी असू शकते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. त्यांतली एखादी गाडी सोलापूरच्या किंवा सुरतेच्या कोणा माणसाची असेल, आणि तो अजून हप्ते फेडत असेल. मोडीत काढण्याच्या नोंदणीकृत केंद्रांनाही २०२१ च्या नियमांनी ही पडताळणी सांगितलेली आहे. पालिकेच्या क्रेनला ती नको, असं कसं?

सापडलेल्या गाड्या तरी मालकाला वेळेत मिळाव्यात. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेला मुद्देमाल मुंबईने खूप पाहिला आहे. सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं की गाड्या ठाण्यात साठवून ठेवू नयेत, पंचनामा आणि छायाचित्रं करून बंधपत्रावर मालकाला द्याव्यात. नव्या संहितेच्या कलम ४९७ ने त्याला दिवसांची मुदतही घातली : १४ दिवसांत वर्णन तयार करायचं, त्यानंतर ३० दिवसांत न्यायालयाने आदेश द्यायचा. दर जानेवारीत पोलीस स्थापना दिनाच्या सप्ताहात आपण समारंभपूर्वक मुद्देमाल परत करता, त्या वेळी मालकांच्या डोळ्यांत पाणी येतं. तो समारंभ वर्षातून एकदा होण्याऐवजी हे काम दर महिन्याला व्हावं.

महोदय, मागण्या आपल्याकडे करताना आमच्या वाट्याचं कामही मला इथेच लिहिलं पाहिजे. आरेतल्या माझ्या बांधवांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. चहा प्यायला उतरलो तरी चावी गाडीत ठेवायची नाही. स्टिअरिंग लॉक आणि गिअर लॉक दोन्ही लावायचे. चोराला ते तोडता येतात, पण तोडायला वेळ लागतो आणि आवाज होतो, आणि त्याला या दोन्ही गोष्टी नको असतात. गाडीतल्या इंधन पंपाच्या तारेवर ओळखीच्या वायरमनकडून छुपा स्विच बसवून घ्या. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची चावी धातूच्या डब्यात ठेवा. जीपीएस यंत्र बसवलंत तर ते कुठे आहे हे गॅरेजवाल्यालाही सांगू नका. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायला राज्यात २०२५ मध्ये मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली. दंडाच्या भीतीने नव्हे, तर त्या प्लेटवरचं अशोकचक्राचं होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि न उघडणारं कुलूप यांमुळे प्लेट बदलणं अवघड होतं म्हणून ती बसवा. जुनी गाडी घेताना आरसीवरचा चासी नंबर प्रत्यक्ष गाडीवर बोट फिरवून पाहा. घासल्याची खूण, वेगळा रंग, वाकडे आकडे दिसले तर स्वस्तातला सौदा सोडून द्या. अपघातात मोडलेल्या गाडीची कागदपत्रं घेऊन चोरीच्या गाडीवर तिचे नंबर ठोकणं हा या धंद्याचा जुना मार्ग आहे, आणि गिऱ्हाईक मिळतं म्हणूनच तो चालतो.

विम्याचंही नीट समजून घ्या. कायद्याने सक्तीचा असलेला त्रयस्थ पक्ष विमा चोरीची भरपाई देत नाही, त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. दोन्ही चाव्या, आरसी आणि पॉलिसीच्या प्रती गाडीबाहेर ठेवा. गाडी गेली तर त्याच दिवशी पोलीस आणि विमा कंपनी दोघांना कळवा. पोलिसांकडे तक्रार वेळेत झाली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने गुरशिंदर सिंग खटल्यात जानेवारी २०२० मध्ये सांगितलं. म्हणजे सगळं येऊन ठरतं ते तक्रारीच्या तारखेवर आणि वेळेवर. पुढे तपास लागला नाही तर ‘ए समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस न आलेला, असा अहवाल लागतो आणि त्याशिवाय पैसे अडकतात. आयुक्त महोदय, हा अहवाल वेळेत मिळणं आपल्या ठाण्यांवर अवलंबून आहे. हातावर पोट असलेल्या माणसासाठी तो उशीर चोरीइतकाच महाग पडतो.

एवढ्या सगळ्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि आरेतलं एकही झाड तोडावं लागत नाही. दुग्धविकास विभाग, महापालिका, वनविभाग, चित्रनगरी, मेट्रो आणि आमचे पाड्यांचे प्रतिनिधी यांना आपण एका टेबलाभोवती बसवावं. आरेच्या प्रत्येक तोंडावरचा कॅमेरा कोणाचा, त्याची वीज कोण देणार आणि त्याकडे रात्री कोण पाहणार, हे त्या बैठकीत लेखी ठरवून जाहीर करावं. वाहनचोरीची खबर मिळताच नाके सावध करण्याचं परिपत्रक त्याच दिवशी काढावं. बैठकीची तारीख कळवा, आम्ही रहिवासी हजर राहू.

आपला विश्वासू,
आरे कॉलनीतील एक रहिवासी